कोल्ह्यासाठी रायफल

दादा, तुझ्या बंदुकीच्या कपाटाचं कुलूप शेवटी ड्रिलनं फोडावं लागलं.

तीन दिवस मी ती किल्ली शोधत होते. वहिनींना ती कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, कारण कायद्याप्रमाणे त्यांना ते ठाऊक असायलाच नको होतं. बंदुकीच्या परवान्याचं सर्टिफिकेट तुझं, रायफल तुझी, किल्लीची जागाही फक्त तुला माहीत. या देशात हजार नियम आहेत आणि त्यातले निम्मे लोक सोयीनं विसरतात. तू नेमका हाच एक शब्दशः पाळावास? मी तुझे कोट झटकले, गमबूट उलटे केले, कोंबड्यांच्या औषधांचे डबे उघडले, फ्रीझरमधल्या मटारच्या पिशव्या चाचपल्या. वहिनी दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "बेबी, राहू दे गं. पोलिसांना कळवलंय. ते डीलरला घेऊन येतील." आणि मी ओरडत होते. त्यांच्यावर नाही, तुझ्यावर. तुला जाऊन बारा दिवस झाले होते आणि मी तुझ्या युटिलिटी रूममध्ये गुडघ्यांवर बसून, वॉशिंग मशीनच्या मागे हात घालून, तुझ्यावर ओरडत होते.

क्रेमटोरियममध्ये लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. तुझ्या ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर बोलली, तुझे वरिष्ठ कन्सल्टंट बोलले. लंडनहून आलेल्या भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि हाउन्सलोच्या आपल्या मंडळींनी मागून साथ दिली. ते सगळं खरंच होतं. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी नुसती मान हलवून बसून राहिले, कारण तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं असतं ते तिथे शोभलं नसतं. आज तीन आठवड्यांनी बोलते. मला तुझ्या त्या रायफलबद्दल बोलायचं आहे.

"आठ एकर घेतले," असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मला वाटलं नागपूरकडे घेतलेस. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत वाढलेला माणूस, कुंडीत कधी मिरचीसुद्धा न लावलेला, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात दिवसभर लोकांना भूल देणारा. तो शहरापासून चाळीस मिनिटांवर एका टेकडीच्या उतारावर घर घेतो, सहा महिन्यांत कोंबड्या पाळतो आणि वर्षभरात मेंढ्या. वहिनींनी हात टेकले. मिल्टन कीन्समध्ये माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींना मी सांगायचे, माझा भाऊ अॅनेस्थेटिस्ट आहे आणि मेंढपाळही. त्या हसायच्या. मीही हसायचे.

मग कोल्हा आला.

"कोल्हा नाही बेबी, खोकड," तू म्हणालास. "कोल्हा म्हणजे जॅकल. इथला फॉक्स म्हणजे खोकड." कोंबडीघराचं दार अर्धवट उघडं, आत चौदा कोंबड्या मरून पडलेल्या, त्यानं नेली एकच, आणि तू मला शब्दाचा अर्थ सांगत होतास! मी मुद्दाम कोल्हाच म्हणत राहिले. आताही कोल्हाच म्हणणार आहे.

पुढच्या स्प्रिंगमध्ये तीन कोकरं गेली. शेजारचा ब्रायन, ज्याच्या घराण्यानं त्या टेकडीवर मेंढ्यांशिवाय दुसरं काही केलेलं नाही, तो गेटपाशी उभा राहून म्हणाला, "डॉक्टर, नुसत्या कुंपणानं भागणार नाही. रायफल घ्या." त्यानं हे एका वाक्यात सांगितलं. त्या एका वाक्याचं तू दोन वर्षांचं काम केलंस.

दर रविवारी सकाळी अकराला तुझा फोन. माझे पोहे ताटात, अभय पेपर वाचतोय, मुलांचं स्विमिंग बाराला, आणि तू. "बेबी, ऐक. टू-टू रिमफायर बाद. ती सशांसाठी." बरं. "सेव्हन्टीनही बाद. गोळी फार हलकी, वाऱ्यानं सरकते." बरं. "आता उरल्या दोन. टू-टू-थ्री आणि टू-फोर-थ्री."

त्या दोन आकड्यांनी माझं डोकं उठवलं, दादा. मी सॉफ्टवेअर टेस्ट करणारी बाई. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वर्षभरात इतकं कळायला लागलं की ऑफिसात एकानं शिकारीचा विषय काढला तेव्हा मी त्याला दुरुस्त केलं. टू-टू-थ्री हलकी, तिचा धक्का कमी, आवाज कमी, कोल्ह्याला पुरेशी. टू-फोर-थ्रीची गोळी जड, वाऱ्याला दाद देत नाही, आणि तिनं हरिणही मारता येतं.

"तुला हरणं मारायची आहेत का?"

"नाही."

"मग झालं ना! पहिली घे."

"पण समज, पुढेमागे हरणांनी कुंपण मोडलं..."

"दादा!"

कॅलिबरचं, म्हणजे गोळीच्या मापाचं, जरा शांत होतंय तोवर दुर्बिणीचं सुरू. स्कोप एका पॉवरचा फिक्स घ्यावा की कमीजास्त होणारा? संध्याकाळच्या उजेडात मोठी काच हवी, पण मोठी काच जड. मग आवाज दाबणारा मॉडरेटर, त्यानं मेंढ्या बुजत नाहीत, पण नळी पुढून जड होते. मग पुढचे दोन पाय, बायपॉड, उंच की बुटका? आणि सगळ्यावर कडी म्हणजे तू डावखुरा. डाव्या हातानं ओढायचा बोल्ट असलेली रायफल दुकानात सहसा नसतेच, ती मागवावी लागते. घरी ब्रॉडबँड आल्यापासून तू शूटिंगच्या फोरमवर जाऊन अनोळखी लोकांशी वाद घालायचास आणि त्याचे प्रिंटआउट फाइलला लावायचास. वहिनी म्हणायच्या, "लग्नाच्या वेळी माझा फोटोसुद्धा इतका पाहिला नव्हता यांनी."

तू नेहमीच असा होतास. मी या देशात आले तेव्हा मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउटवर मला गाडी शिकवायला तू दोन तास गाडी चालवत यायचास, आणि तूच त्या राउंडअबाउटच्या तोंडाशी थांबून राहायचास. "अजून पुरेशी गॅप नाही." मागून हॉर्न. "अजून नाही." मागे पाच गाड्या. शेवटी मीच क्लच सोडला, आणि तू डोळे मिटून घेतलेस. त्या दिवशी मी गाडी चालवायला शिकले. तुझ्यामुळेच शिकले, हेही खरं. सहा शनिवार तू तुझी सुट्टी घालवलीस आणि एकदाही त्याचा उल्लेख केला नाहीस.

रायफलवरून आपलं खरं भांडण एकदाच झालं, आणि ते अजून संपलेलं नाही. मी म्हटलं होतं, "बाबांनी रविवारी विहारात नेऊन पंचशील पाठ करून घेतलं, त्याचं काय करणार आहेस? प्राणी मारायचा नाही हे त्यातलं पहिलंच शील, ते मोडायला निघालायस आणि वर माझ्याशी गोळीच्या वजनाची चर्चा करतोस."

तू मग म्हणालास, "मी रोज काय करतो, बेबी? सर्जन माणसाचं पोट उघडतो, आणि त्या माणसाला काही कळू नये हे माझं काम. मारायचंच असेल तर त्याला आवाजही ऐकू यायच्या आत सगळं संपायला हवं. गोळी चुकीची लागली आणि तो दोन दिवस झुडपात तडफडला, तर त्याचा दोष माझ्याकडे. म्हणून वेळ लावतोय मी."

"मग मारूच नकोस."

"आणि कोकरांचं काय? त्यांना जीव नाही?"

मी म्हटलं, कुंपण घाल, विजेची तार लाव. तू म्हणालास, लावली आहे, तो खालून उकरतो. मी म्हटलं, मग मेंढ्या विकून टाक. तू म्हणालास, हे उत्तर नाही, हे पळणं आहे. मुलांना उशीर होत होता म्हणून मी फोन ठेवला. मला अजूनही वाटतं तुझं म्हणणं निम्मंच बरोबर होतं. उरलेल्या निम्म्यावर मला तुझ्याशी अजून भांडायचं होतं.

ऑगस्टमध्ये आम्ही सगळे आलो होतो. तू मला बांबू आणि दोरी घेऊन शेतात नेलंस. "बेबी, तू कोल्हा हो." चाळिशीची बाई मी, हातात बांबू धरून झुडपांच्या कुंपणापाशी कोल्हा होऊन उभी, माझी मुलं गवतात लोळून हसतायत, आणि तू दोरीनं अंतर मोजतोयस. "जरा डावीकडे. अजून. हां, तिथे थांब. तुझ्या मागे काय आहे?"

"चढण."

"बरोबर. गोळी चुकली तर मातीत रुतेल. तो बॅकस्टॉप. आता वर टेकडीच्या कडेला जा."

मी धापा टाकत कडेला गेले. मागे नुसतं आभाळ.

"तिथे कोल्हा नाचत असला तरी गोळी झाडायची नाही," तू खालून ओरडून सांगितलंस. "पलीकडे लोकांची पायवाट आहे. लोक कुत्री फिरवतात."

अख्ख्या आठ एकरांत तू फक्त तीन जागा नक्की केल्यास. उरलेलं सगळं बाद. खाली उतरताना मी म्हटलं, "जागा ठरल्या, आता बंदूक कधी ठरणार?" तू हसलास आणि म्हणालास, "बघू." तू तेव्हा चांगला दिसत होतास, दादा. जरा बारीक झाला होतास. मी म्हटलं, मेंढ्यांमागे पळून वजन उतरलं तुझं.

त्यानंतर मी तुला पाहिलं नाही. दिवाळीला तू ऑन-कॉल. ख्रिसमसला ऑन-कॉल. माझ्या वाढदिवसाला रस्त्यावर बर्फ. फक्त रविवारचे फोन, आणि फोनवर रायफल. नवीन काहीच नाही. तेच टू-टू-थ्री, तेच टू-फोर-थ्री. कधी मध्येच गप्प व्हायचास. मी विचारायचे, "आहेस का?" तू म्हणायचास, "आहे. बेबी, ऐक ना..." आणि मग, "मॉडरेटर आत्ताच घ्यावा की नंतर?"

फेब्रुवारीतला तो रविवार मला विसरता येत नाही. मुलगा तापानं फणफणलेला, अभय टूरवर, सोमवारी माझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज, आणि तुझा फोन. "बेबी, ऐक ना. मला वाटतं टू-टू-थ्रीच..."

मी फुटले. "मग घे! घे ना एकदाची! दोन वर्षं झाली, दादा! तुला निर्णयच घेता येत नाही. कशाचाच येत नाही. आईच्या वेळीही तू हेच केलंस."

हे वाक्य मी तीन वर्षं गिळून ठेवलं होतं. नागपूरला आईच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं की नाही हे तिथले डॉक्टर विचारत होते, आणि तू इथून म्हणत होतास, अजून एक रिपोर्ट पाहू, अजून एकाचं मत घेऊ. पाच आठवडे गेले. सहाव्यात आई गेली. मी तेव्हा तुला काही बोलले नाही. इतकी वर्षं बोलले नाही, आणि बोलले ते त्या रविवारी.

तुझ्या मागे मेंढी ओरडल्याचा आवाज आला. मग तू म्हणालास, "काहून चिडतेस गं इतकी? बाळाचा ताप बघ. ठेवतो."

पुढचे दोन रविवार फोन आला नाही. मीही केला नाही. म्हटलं, रुसू दे.

मंगळवारी सकाळी ऑफिसात वहिनींचा फोन. "बेबी, ये. लगेच निघ." मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "तू ये." मी निघाले. वाटेत एका ठिकाणी रस्त्याचं काम, एकच लेन. दीड वाजता पोचले. ब्रायन गेटपाशी हातात टोपी घेऊन उभा होता. तू तासाभरापूर्वी गेला होतास.

आतड्याचा कॅन्सर. लिव्हरमध्ये पसरलेला. ऑक्टोबरपासून माहीत होतं.

ऑक्टोबर, दादा! डॉक्टरांनी कीमो देऊ केली, काही महिने मिळाले असते. तू त्याच भेटीत, खुर्चीवरून न उठता, नको म्हणालास. वहिनी शेजारी बसल्या होत्या. तू त्यांच्याकडे एकदा पाहिलंस, त्यांनी तुझा हात धरला, आणि संपलं. ना फाइल, ना प्रिंटआउट, ना अजून एकाचं मत. बंदुकीच्या नळीवर काय बसवायचं यासाठी तू मला वर्षभर छळलंस आणि हे मात्र एका दुपारी ठरवून मोकळा झालास. आणि वहिनींकडून शब्द घेतलास की बेबीला सांगायचं नाही, मी स्वतः सांगेन.

मी वहिनींवर चिडले. त्यांच्या नवऱ्याचं शरीर आतल्या खोलीत होतं आणि मी त्यांना म्हणाले, तुम्ही तरी सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "हो, सांगायला हवं होतं." बस, एवढंच. त्यांनी मला पाणी दिलं.

आता त्या कपाटाकडे येते. क्रेमटोरियमच्या दुसऱ्या दिवशी बंदुकांचा डीलर आला, कॉलिन नावाचा, सोबत पोलिसांच्या फायरआर्म्स ऑफिसातली एक बाई. किल्ली नाही म्हटल्यावर त्यानं ड्रिल काढलं. दहा मिनिटं घरभर नुसती घरघर. दार उघडलं आणि आत रायफल. मला वाटलं होतं कपाट रिकामं असेल! शपथेवर सांगते, मला वाटलं होतं तू कपाट घेतलंस आणि रायफल घ्यायची राहून गेली. ती तेल लावून, पुसून, नीट उभी होती. डाव्या हाताचा बोल्ट, वर मोठ्या काचेचा स्कोप, पुढे मॉडरेटर.

"कुठली आहे?" मी विचारलं.

"टू-टू-थ्री," कॉलिन म्हणाला. "छान सेटअप आहे. डॉक्टरांनी विचार करून घेतलाय."

"कधी घेतली?"

त्यानं प्लास्टिकच्या पाकिटातून सर्टिफिकेट काढून माझ्यापुढे धरलं. त्यावर त्याच्याच अक्षरात नोंद होती. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा.

मी म्हटलं, काहीतरी चूक आहे. तो जानेवारीपर्यंत ठरवत होता. फेब्रुवारीतसुद्धा ठरवत होता. कॉलिन जरा गोंधळला. म्हणाला, "नाही, तसं होत नाही. कुठलं कॅलिबर हवं ते अर्जातच लिहावं लागतं. त्यांनी अर्ज जूनमध्येच दिला होता."

जून. म्हणजे मी ऑगस्टमध्ये कोल्हा होऊन उभी होते तेव्हा सगळं ठरलेलं होतं.

ती दोघं रायफल घेऊन गेली. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी विचारलं, "वहिनी, मग तो दर रविवारी मला काय विचारत होता?"

वहिनी म्हणाल्या, "दर रविवारी सकाळी मला म्हणायचे, आज सांगतो तिला. फोन घेऊन मागच्या काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत जायचे, दार लावायचे. बाहेर आले की मी विचारायचे, सांगितलं? म्हणायचे, नाही, रायफलचं बोललो."

दादा, मी त्या कॉन्झर्व्हेटरीत गेले आणि दार लावलं. 

दर रविवारी, दादा. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. तू "बेबी, ऐक ना" म्हणायचास, आणि मी घड्याळाकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी ब्रायन आला. लॅम्बिंग, म्हणजे मेंढ्या विणं, सुरू झालं होतं, त्याचंही आणि तुझंही. दोन्ही कळप तोच बघत होता. मी त्याला विचारलं, माझ्या भावानं ती रायफल कधी चालवली तरी का? मला वाटलं तो नाही म्हणेल. ब्रायन म्हणाला, "दोनदा. नोव्हेंबरात एकदा, आणि जानेवारीत एकदा, तेव्हा त्याला उभं राहवत नव्हतं, माझ्या जीपच्या बॉनेटवर टेकून. दोन्ही वेळा एकेक गोळी. दोन्ही कोल्हे जागच्या जागी. मी पन्नास वर्षं हे करतोय, इतकं साफ काम मी फार थोड्यांचं पाहिलं." मग म्हणाला, "आणि कोल्हा दिसल्यावर तो अजिबात वेळ लावायचा नाही. मागे काय आहे ते बघायचा, आणि झालं."

तुला निर्णय घेता येत नाही, असं मी तुला म्हटलं होतं. तुझ्याशी माझं तेच शेवटचं खरं बोलणं. तू रायफल ठरवलीस, जागा ठरवल्यास, दोन जीव घेतलेस आणि त्यांना काही कळू दिलं नाहीस, आणि स्वतःचं मरणही ठरवलंस. जमलं नाही ते एकच, मला चार शब्द सांगणं. आणि ते का जमलं नाही याचं उत्तर मला माहीत आहे. मी आईच्या बाबतीत तुला दोष देते हे तुला पहिल्यापासून कळत होतं. मी बोलले नाही म्हणून काय झालं? तुला कळत होतं. मग तू मला काय सांगणार होतास, की या वेळीही उपचार होणार नाहीत?

परवा वहिनींनी सहज विचारलं, "आईंनीच ऑपरेशन नको म्हटलं होतं, तुला ठाऊक आहे ना?" मला ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या पाच आठवड्यांत तू डॉक्टरांना नाही, आईला मनवत होतास? मी वहिनींना अजून खोदून विचारलं, पण त्यांना त्यापलीकडे माहीत नाही. तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. हे तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? मला आईचा राग येऊ नये म्हणून? मग तुझा आला, तो चालला? कसा रे तू! माझ्याकडून तीन वर्षं असली वागणूक का घेतलीस?

मी माफी मागणार होते इथे. लिहायला बसले ती त्यासाठीच. पण दर वेळी माफीपाशी आले की तुझा इतका संताप येतो की शब्द बाजूला पडतो. तेव्हा दोन्ही एकत्रच घे. मी चुकले, आणि तू छळवादी आहेस.

मेंढ्या विकायच्या नाहीत असं वहिनींनी ठरवलंय. रायफल कॉलिनच्या दुकानात आहे, तो तिच्यासाठी डावखुरं गिऱ्हाईक शोधतोय. कोल्ह्यांचं ब्रायन बघेल. मी दोन आठवड्यांची रजा घेऊन इथेच राहिले. एका मेंढीला तिळी झाली आणि तिसरं तिनं घेतलं नाही, तर त्याला बाटलीनं दूध पाजायचं काम माझ्याकडे आलं. वहिनी म्हणतात, मी त्याला फार जोरात धरते.

आणि एक. तू पन्नाशीच्या आत गेलास म्हणून माझ्या जीपीनं, फॅमिली डॉक्टरनं, मला तपासणीला पाठवायचं ठरवलंय. सख्ख्या भावंडांची करतात म्हणे. शनिवारी मी घरी गेले, जेवायला बसलो, आणि भाजी वाढता वाढता मी ते अभयला आणि मुलांना सांगितलं. सगळं. कशाची तपासणी, कधी, काय निघू शकतं. मुलगी रडली. मुलानं विचारलं, "आई, तुला भीती वाटते का?" मी म्हटलं, हो, वाटते. मग आम्ही जेवलो.

खरं तर मी सगळ्यात आधी तुला सांगितलं असतं.